बंदिवान वास्तुशिल्पी

फ्रान्सिस ग्रीनवे याचा जन्म १७७७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराजवळ झाला. दगड घडविणे आणि इमारती बांधणे हा त्याच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. ग्रीनवेने वास्तुकलेत प्रावीण्य मिळविले. परंतु १८०९ साली त्याचे दिवाळे निघाले. पुढे पैशाच्या अडचणीत त्याने एक बनावट दस्तऐवज तयार केला. त्या काळी या अपराधाला देहान्ताची शिक्षा असे. १८१२ साली ती त्याला फर्मावण्यात आली. मात्र नंतर ती सौम्य होऊन चौदा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा कायम झाली.

१८१४ साली ग्रीनवे ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पोहोचला. गॅडिगल या मूळ रहिवाशांच्या त्या भूमीवर इंग्रजांनी १७८८ साली बंदिवानांची वसाहत स्थापन केली होती. आरंभीची घरे म्हणजे चिखलाने लिंपलेल्या कुडाच्या झोपड्याच होत्या. पुढे विटा भाजल्या जाऊ लागल्या; परंतु जवळपास चुनखडी नसल्याने शिंपले भाजून चुना करावा लागे. असा चुना तुटपुंजा असे आणि भिंती कच्च्या राहत.

गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांना या वस्तीचे सुंदर नगर करावयाचे होते. त्यांनी ग्रीनवेचे गुण ओळखले व १८१६ साली त्याला सरकारी वास्तुशिल्पी नेमले. बंदराच्या मुखाशी दीपगृह उभारण्याचे काम त्याच्याकडे आले. तेथील वालुकाश्म मऊ आहे, तो टिकणार नाही, असे त्याने बजावले. तरी त्याच दगडात काम करावे लागले. दीपगृह पाहून संतुष्ट झालेल्या गव्हर्नरांनी त्याला सशर्त मुक्तता दिली आणि १८१९ साली पूर्ण माफी दिली.

त्यापूर्वी पुष्कळ बंदिवानांना राहण्याची सोय स्वतःच पाहावी लागे. त्यांच्यासाठी ग्रीनवेने हाइड पार्क येथे तीन मजली विटांची इमारत बांधली. तीत सुमारे सहाशे पुरुष टांगत्या झोळ्यांत झोपत. भिंतीवर नक्षी नाही, डामडौल नाही. केवळ खिडक्यांच्या प्रमाणबद्ध रांगांमुळे ती डौलदार दिसते. विंडसर येथील सेंट मॅथ्यू चर्चही त्यानेच रचले.

परंतु इंग्लंडहून आलेले चौकशी आयुक्त बिग यांना हा खर्च उधळपट्टीचा वाटला. पाया घातलेल्या न्यायालयाचे चर्च करावे, असा त्यांनी आग्रह धरला. ग्रीनवेने त्याच पायावर सेंट जेम्स चर्चचा आराखडा साधला. त्याचा स्वभाव मानी आणि भांडखोर होता. त्याला मित्र थोडेच राहिले होते. मॅक्वारी मायदेशी परतल्यावर १८२२ साली त्याची नोकरी गेली. दारिद्र्यात दिवस कंठून १८३७ साली तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही.

दीपगृहाविषयीचे त्याचे भाकीत खरे ठरले. त्याचे दगड झिजले आणि १८८३ साली शेजारी नवे दीपगृह उजळले. मात्र त्याचा आकार ग्रीनवेच्या मनोऱ्यासारखाच ठेवण्यात आला. हाइड पार्कची इमारत २०१० साली जागतिक वारशात समाविष्ट झाली. खोट्या कागदापायी देशोधडीला लागलेल्या या माणसाचे चित्र १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर छापले गेले. एका चुकीने त्याला बंदिवान केले होते. त्याच्या विद्येने मात्र त्याला मुक्तता मिळवून दिली आणि नव्या नगराला रूप दिले.