लेथवर स्टेथोस्कोप घडवणारा डॉक्टर : रने लेनेक

परीक्षेच्या दिवसांत बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एस.टी.त बसलात, तर एखाद्या सीटवर नर्सिंगच्या मुली हमखास दिसतात. मांडीवर वही आणि तोंडाने जप चालू – इन्स्पेक्शन, पाल्पेशन, परकशन, ऑस्कल्टेशन. म्हणजे आधी नीट बघा, मग हाताने चाचपा, मग बोटाने वाजवून बघा आणि शेवटी कानाने ऐका. पेशंट तपासण्याच्या या चार पायऱ्या. आपल्याला वाटतं, यात इंजिनिअरिंगवाल्यांचं काय काम? पण मित्रांनो, यातल्या चौथ्या पायरीला ज्याने यंत्र दिलं, तो डॉक्टर स्वतः लेथ चालवायचा! त्याचीच ही गोष्ट.

रने लेनेक याचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कँपेर या गावी झाला. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच आई गेली. क्षयाने गेली असं मानतात. पुढे तो नांत शहरात काकांकडे वाढला. काका डॉक्टर होते, त्यांच्याच हाताखाली त्याला रुग्णालयाची गोडी लागली. पोरगा अंगाने किडकिडीत, तब्येत नेहमीच नाजूक. पण शिकायची हौस दांडगी. ग्रीक शिकला, बासरी वाजवायला शिकला. वयाच्या विशीत तो पॅरिसला आला आणि कॉर्विसार या नामवंत डॉक्टरांचा विद्यार्थी झाला. कॉर्विसार म्हणजे नेपोलियनचे खासगी डॉक्टर.

या कॉर्विसार सरांचा एक आग्रह होता – पेशंटची छाती बोटाने वाजवून बघायची. ही युक्ती मूळची आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरची. त्याचे वडील खानावळवाले. पिंपात दारू किती उरली हे पिंप वाजवून कळतं. तसंच छातीत पाणी झालंय का हेही कळेल, हे त्याने १७६१ साली पुस्तकात मांडलं. आपण बाजारात कलिंगड टिचकी मारून घेतो ना, अगदी तसंच! आत हवा असली तर आवाज पोकळ येतो, पाणी असलं तर बद्द. पण त्या पुस्तकाकडे जवळजवळ ५० वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८०८ साली कॉर्विसारांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही पद्धत रूढ झाली.

म्हणजे बघणं, चाचपणं आणि वाजवणं झालं. राहिलं ऐकणं. छातीला थेट कान लावून ऐकायची पद्धत अगदी हिपोक्रेटिसच्या काळापासून होती, पण ती फार कमी जण वापरत. आणि इथेच लेनेकची अडचण झाली.

१८१६ साल. लेनेक पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये काम करत होता. हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी तपासायला आली. अंगाने स्थूल असल्यामुळे हात ठेवून आणि वाजवून काही समजेना. छातीला कान लावावा, तर परक्या तरुण बाईच्या छातीला डॉक्टरने कान कसा लावायचा? संकोच दोघांनाही. तेव्हा त्याला ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. (मुलांना असा खेळ खेळताना त्याने पाहिलं होतं, असंही सांगतात.) त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येतात त्याहून स्वच्छ ऐकू आले!

आपण असतो तर मित्रांना सांगून मोकळे झालो असतो. लेनेक वर्कशॉपला लागला. वेगवेगळ्या वस्तूंच्या नळ्या करून पाहिल्या आणि शेवटी लाकडावर आला. घरी लेथवर स्वतः टर्निंग करून त्याने साधारण एक फूट लांबीचा, मधून आरपार भोक असलेला दंडगोल घडवला. खिशात मावावा म्हणून दोन तुकडे जोडता येतील असा. त्याला नाव दिलं स्टेथोस्कोप. ग्रीक भाषेत स्टेथॉस म्हणजे छाती आणि स्कोपेइन म्हणजे पाहणे. गंमत बघा, काम ऐकण्याचं आणि नाव पाहण्याचं! पण ते खोटंही नव्हतं, कारण उघडून न बघता छातीच्या आतलं त्यातून कळत होतं.

नळी करणं सोपं होतं. खरं काम पुढे होतं. ऐकू आलेल्या आवाजाचा अर्थ काय? लेनेक पेशंट जिवंत असताना ऐकलेला प्रत्येक आवाज लिहून ठेवायचा. तो दगावला तर शवविच्छेदन करून फुफ्फुसात नेमकं काय झालं होतं ते पाहायचा आणि दोन्ही नोंदी ताडून बघायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन. तीन वर्षं हे चाललं. १८१९ साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. पुस्तकाबरोबर लाकडी नळीही विकत मिळायची.

या ग्रंथात त्याने आवाजांना नावं दिली. बोलताना छातीतून शेळीच्या बें-बें सारखा स्वर आला तर एगोफनी. नर्सिंगच्या पुस्तकात हा शब्द आजही आहे. फुफ्फुसातल्या खरखरीला त्याने राल म्हटलं. पण फ्रेंच लोकांत राल म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या घशातली घरघर. तो शब्द कानावर पडला की पेशंट हबकणार. म्हणून पेशंटसमोर तो रॉन्कस हा लॅटिन शब्द वापरू लागला. आपण समजतो की अवघड शब्द भाव खायला असतात. हा मात्र समोरच्याला भीती वाटू नये म्हणून आलेला होता. आणि एकाने ऐकलेलं दुसऱ्याला नेमकं कळावं म्हणूनही. नाइट ड्यूटीच्या नर्सने लिहिलेला एक शब्द सकाळच्या डॉक्टरला पुरतो, तो यामुळेच.

क्रमाचंही असंच आहे. पोट तपासताना ऐकणं शेवटी नसतं, बघून झालं की लगेच ऐकायचं. आधी दाबलं किंवा वाजवलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. चुकीचा मीटर लावला की सर्किटचं रीडिंगच बदलतं, तसं हे. पाठांतरामागे कारण असतं, एवढंच.

लेनेकने क्षयाचे शेकडो रोगी तपासले. आणि शेवटी तोच रोग त्याला झाला. १८२६ साली खोकला आणि अशक्तपणा वाढला, तेव्हा त्याने पुतण्याला, मेरिआडेकला, स्वतःच्या छातीला नळी लावून जे ऐकू येईल ते सांगायला लावलं. पुतण्या वर्णन करत गेला. त्या वर्णनाचा अर्थ लेनेकइतका जगात कोणाला कळणार? पॅरिस सोडून तो आपल्या ब्रिटनीला परतला आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी गेला. वय अवघं ४५. मृत्युपत्रात त्याने आपला स्टेथोस्कोप मेरिआडेकला दिला.

क्षयाचा जंतू कॉखने शोधला तो १८८२ साली. तरी औषध नव्हतंच. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्याच रोगाने गेल्या. पुरुष डॉक्टरपुढे संकोचणाऱ्या बायकांसाठी त्या शिकायला गेल्या होत्या. लेनेकची नळीही अशाच एका संकोचातून जन्मली होती.

आज क्षय बरा होतो. नुसत्या स्टेथोस्कोपवर आता निदान ठरत नाही. बेडका तपासतात, एक्स-रे काढतात. पण कोणीतरी आधी छाती ऐकावी लागते, आणि त्याआधी आपण तिथे जावं लागतं. होस्टेलवर एका खोलीत तिघं-चौघं राहतात. खोकला दोन आठवडे हटत नसला, तरी आपण सबमिशनचं कारण सांगून टाळतो. मित्रांनो, बारामतीत आणि इंदापुरातही सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे आणि सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधं मोफत मिळतात. तेव्हा शेजारच्या कॉटवरचा मित्र रोज रात्री खोकत असेल, तर उद्या त्याला घेऊन जा. रेक्टर सर, तुम्हीही रात्रीच्या फेरीत हजेरीबरोबर जरा खोकलाही ऐका!