एगिल्से बेटावरील चर्च आणि संत मॅग्नस



१६ एप्रिल हा ऑर्कनीचे संत मॅग्नस यांचा सण. आपल्याकडे हे नाव फारसे कानी येत नाही. परंतु ज्यांना जवळच्या माणसाला क्षमा करणे जड जाते, त्यांनी या रक्तसाक्षीचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्या काळी तेथे नॉर्वेच्या राजाच्या अधिपत्याखाली ‘अर्ल’ ही पदवी धारण करणारे सरदार राज्य करीत. अशाच एका घराण्यात मॅग्नस जन्मले. १०९८ साली नॉर्वेच्या राजाने त्यांना वेल्सच्या मोहिमेवर नेले. मेनाईच्या सामुद्रधुनीत लढाई जुंपली, तेव्हा या माणसांशी आपले वैर नाही असे सांगून त्यांनी शस्त्र उचलले नाही. बाणांच्या वर्षावात ते जहाजावर स्तोत्रे गात राहिले, असे ऑर्कनीची जुनी गाथा सांगते.

पुढे चुलतभाऊ हाकोन यांच्यासह मॅग्नस राज्य करू लागले. काही वर्षे सलोखा टिकला. मग तंटा वाढला. १११७ च्या सुमारास, पुनरुत्थान सणानंतर, समेटासाठी एगिल्से या लहानशा बेटावर भेटण्याचे ठरले. प्रत्येकाने दोनच जहाजे आणावीत, असा करार होता. मॅग्नस यांनी तो पाळला. हाकोन मात्र कितीतरी अधिक जहाजे घेऊन आले. घात ओळखूनही मॅग्नस यांनी आपल्या माणसांना लढू दिले नाही. बेटावरील चर्चमध्ये त्यांनी रात्र प्रार्थनेत घालविली व सकाळी मिस्साबलिदानात भाग घेतला.

भावाच्या हातून खुनाचे पाप घडू नये, म्हणून यात्रेस जाणे, कैद पत्करणे, इतकेच नव्हे तर डोळे गमावणेही त्यांनी देऊ केले. सरदारांनी ऐकले नाही. निशाणधारी ओफेग याने घाव घालण्यास नकार दिला. तेव्हा लिफोल्फ नावाच्या आचाऱ्याला हुकूम झाला. तो रडू लागला. मॅग्नस यांनी त्याचे सांत्वन केले, त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि आपला अंगरखा त्याला दिला.

समेटानंतर दोघांना जेवू घालावे, म्हणून माता थोरा यांनी मेजवानी मांडली होती. हाकोन एकटेच आले. त्या माऊलीने त्यांना वाढले आणि पुत्राचा देह दफनासाठी मागितला. हाकोन यांनाही अश्रू आवरेनात. कालांतराने ते रोम व यरुशलेमच्या यात्रेस गेले.

एगिल्सेवर आज दिसणारे दगडी चर्च त्याच बाराव्या शतकातील आहे. छप्पर नाही, भिंती व गोल मनोरा मात्र उभा आहे. मॅग्नस यांचा भाचा रॉग्नवाल्ड याने ११३७ साली कर्कवॉल येथे त्यांच्या नावाने कॅथेड्रल बांधावयास घेतले. १९१९ साली दुरुस्तीच्या वेळी तेथील एका खांबात अस्थींची पेटी सापडली. कवटीवर घावाची खूण होती.

बंधुभगिनींनो, जमिनीच्या वा वाटणीच्या वादातून भावाशी अबोला धरलेली घरे आपल्यातही आहेत. समेटासाठी पहिले पाऊल उचलण्याचे धैर्य संत मॅग्नस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांस लाभो.