यंत्राशेजारचा भागीदार

वेरूळचे कैलास लेणे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव ठाऊक झालेले असते. डोंगर माथ्यापासून पायापर्यंत कोरीत नेणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र त्याला कोणी सांगत नाही. कारागिराच्या विस्मरणाची ही परंपरा विसाव्या शतकातही खंडित झाली नाही. मराठी बोलपटाचा विषय निघाला की दिग्दर्शक, नट आणि गायक यांच्या आठवणी निघतात. त्यांचा आवाज फिल्मच्या पट्टीवर ज्याने उतरविला, तो मनुष्य कोण होता, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. विष्णुपंत गोविंद दामले हे नाव अपरिचित नाही. ‘संत तुकाराम’ या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून ते आदराने घेतले जाते. परंतु दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळण्यापूर्वी दामले हे ध्वनिमुद्रक होते, आणि त्यांच्या जीवनाचा आज उपयोगी पडणारा धडा याच भागात आहे.

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, पेण येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापुरास आले आणि नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या आनंदराव पेंटर यांच्या हाताखाली शिकू लागले. आनंदराव व त्यांचे बंधू बाबूराव पेंटर यांना चलच्चित्रांचा ध्यास लागलेला होता. परदेशी कॅमेरा परवडत नाही, तर तो आपणच का बनवू नये, असा त्यांचा विचार. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी कॅमेरा सिद्ध केला, तेव्हा या खटाटोपात त्यांच्या उजव्या हाताला दामले होते. रंग आणि कुंचला हाताळणारा तरुण अशा रीतीने यंत्राच्या दातेरी चाकांत रमला. यंत्र उघडून पाहणे, ते का चालते आणि का अडते हे हाताने समजून घेणे, हे शिक्षण त्यांना पुस्तकातून मिळाले नाही. ते कारखान्यात मिळाले.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामल्यांची दहा-अकरा वर्षे गेली. तेथेच त्यांचा आणि शेख फत्तेलाल यांचा स्नेह जुळला. पुढे सारे पुणे त्यांना दामलेमामा व साहेबमामा म्हणून ओळखू लागले, इतकी ही जोडी अभिन्न झाली. १९२८ साली ‘कर्ण’ हा मूकपट दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह होते. चित्रपट अद्याप मुके असल्यामुळे ती तुतारी तेव्हा दिसत होती, ऐकू येत नव्हती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपट करणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे जीवनमरणाचा प्रश्न उभा राहिला. बोलपट काढावयाचा म्हणजे कथेला संवाद जोडून भागणार नव्हते. आवाजाच्या लहरी मायक्रोफोनने विजेच्या प्रवाहात बदलावयाच्या, त्या प्रवाहाने प्रकाशाची तिरीप कमीअधिक करावयाची, ती फिल्मच्या कडेला टिपावयाची आणि पुढे तिच्यातूनच पुन्हा आवाज उभा करावयाचा, अशी ही साखळी. तिची एक कडी सैल राहिली तरी सारे श्रम फुकट. कॅमेऱ्याची घरघर, बाहेरून जाणारा टांगा, झाडावरचा कावळा, सारेच मायक्रोफोन निर्विकारपणे टिपत असे. पार्श्वगायनाची सोय नसल्याने नटाला गावे लागे कॅमेऱ्यासमोरच, आणि वादकांनी साथ करावयाची ती चौकटीबाहेर बसून. मायक्रोफोन तर कॅमेऱ्याला दिसता कामा नये. शिवाय ध्वनीची फिल्म प्रयोगशाळेत किंचित जास्त किंवा कमी धुतली गेली तरी शब्द अस्पष्ट होण्याचे भय असे.

प्रभातमध्ये हे सारे पेलण्याची जबाबदारी दामल्यांनी घेतली. त्या वेळी ते एकोणचाळिशीच्या घरात होते. चित्रकार, यंत्रज्ञ आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. अशा वयात आणि अशा स्थानावर मनुष्य नवे शिकण्यास सहसा तयार नसतो. बोलपटच देशात नवा, तेव्हा त्याचे तंत्र शिकविणारी शाळा असणार कोठून? दामल्यांनी कान, हात आणि चिकाटी यांच्या बळावर ते आत्मसात केले. १९३२ च्या फेब्रुवारीत ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. हा चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झालेला. म्हणजे ध्वनिमुद्रणाची कसोटीही दुहेरी. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचे बोल व गाणे प्रेक्षकांनी ऐकले. पुढे प्रभातची तुतारीही पडद्यावर वाजू लागली.

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. चित्रणाच्या जागी ध्वनिमुद्रकाला रोज एकच निर्णय पुनःपुन्हा करावा लागतो: झालेला तुकडा स्वीकारावयाचा की परत घ्यावयाचा. परत घ्यावयाचा म्हणजे कच्ची फिल्म, वीज, वेळ आणि रोजंदारी यांचा खर्च पुन्हा. पगारी नोकर अशा वेळी मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून होकार देतो आणि दोष तसाच पडद्यापर्यंत जातो. दामले मात्र पगारी नोकर नव्हते. यंत्राशेजारी बसलेला हा मनुष्य कंपनीचा भागीदार होता. त्याच्या नकाराला वजन होते, आणि त्या नकाराची किंमत त्याच्याही खिशातून जात असल्याने तो नकार उगाच दिला जाणार नाही, याची खात्रीही होती. प्रभातमध्ये छायालेखन धायबरांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, ध्वनी दामल्यांकडे आणि दिग्दर्शन प्रामुख्याने शांतारामांकडे होते. म्हणजे मालकी ज्यांची, बहुतांशी त्यांचेच हात कामात. प्रभातच्या यशाची कारणे अनेक असतील. पण ज्ञान, अधिकार आणि जोखीम ही तिन्ही एकाच हाती असणे, हे त्यांतील एक प्रमुख कारण होते, असे मला वाटते.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनीस यांनी साकारलेला तुकाराम महाराष्ट्राने आपला मानला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. त्याचा जीव अभंगात आहे. गाणे तेथे कथेत घुसविलेले वाटत नाही. श्वासासारखे ते बोलण्यातून निघते आणि बोलण्यात विरते. ज्याने अनेक वर्षे केवळ ऐकण्याचे काम केले, अशा मनुष्याचा कान या दिग्दर्शनामागे होता, हे विसरता येत नाही. याच चित्रपटाचे ध्वनिमुद्रण शंकरराव दामले यांनी केले. विष्णुपंतांच्या पश्चात ते तंत्र अडून राहावे, अशी स्थिती प्रभातमध्ये राहिली नव्हती. पुढे ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे चित्रपट याच जोडीने दिले.

नंतरचा काळ ओहोटीचा. १९४२ साली शांताराम बाहेर पडले. दामल्यांची प्रकृती ढासळली आणि ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे सात-आठ वर्षांत प्रभात बंद पडली. १९६० साली केंद्र सरकारने त्याच वास्तूत चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू केली. जेथे दामले शाळेवाचून शिकले, तेथे आज ध्वनिमुद्रणाचे रीतसर शिक्षण मिळते, हे त्यांचे उचित स्मारकच म्हणावे लागेल.

मात्र स्मारक उभे राहिले म्हणून दृष्टी बदलते असे नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिरातील नाटक असो, विद्यापीठातील परिसंवाद असो की चौकातील सभा असो, ध्वनिव्यवस्था सांभाळणारा सर्वांत आधी येतो आणि सर्वांत शेवटी जातो. त्याची आठवण होते ती ध्वनिक्षेपक कर्कश किंचाळला तरच. काम चोख झाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, ही या व्यवसायाची मूळचीच विटंबना आहे. पण दर ठरविताना, साहित्य खरेदी करताना, सभागृह बांधताना त्याला विचारले जात नाही, ही विटंबना मात्र आपण निर्माण केलेली आहे. महागडी यंत्रे समितीच्या सह्यांनी विकत घ्यावयाची आणि ती चालविणाऱ्याला रोजंदारीवर बोलवावयाचे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कोणत्याच कसोटीवर शहाणपणाचा ठरत नाही. भिंतींचा प्रतिध्वनी बांधकामानंतर लक्षात आला, तर तो घालविण्यासाठी पुन्हा पैसा ओतावा लागतो. आधी विचारलेला एक प्रश्न तो वाचवू शकतो.

आपल्या वर्गांतून दरवर्षी शेकडो पदवीधर बाहेर पडतात. त्यांपैकी कित्येकांना हाताने करावयाचे काम कमीपणाचे वाटते, आणि हा समज त्यांना आम्ही वडीलधाऱ्यांनीच दिलेला आहे. एखादा विद्यार्थी ध्वनितंत्राकडे वळू पाहत असेल तर त्याला परावृत्त करण्यापूर्वी पालकांनी व शिक्षकांनी दामल्यांचे जीवन आठवावे. मात्र नुसत्या उत्तेजनाने भागणार नाही. नाट्यगृहांच्या, महाविद्यालयांच्या आणि नगरसंस्थांच्या खरेदी-समित्यांत तंत्रज्ञाला मतासह स्थान मिळाले पाहिजे, आणि त्याच्या नकाराला किंमत असली पाहिजे. यंत्राशेजारी बसलेल्या मनुष्याला निर्णयाच्या टेबलाशी खुर्ची देण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. १९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी ती देऊन दाखविली होती.