भाभांचा वारसा आणि विद्यापीठांचा वाटा

एखाद्या माणसाचे चरित्र हेच एका सबंध धोरणाचे चरित्र ठरावे, असे क्वचित घडते. डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या बाबतीत ते घडले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर एअर इंडियाचे विमान कोसळून त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते. त्यांच्या मागे राहिल्या त्या कुलाब्याची मूलभूत संशोधन संस्था, तुर्भ्याच्या अणुभट्ट्या आणि शास्त्रज्ञांची एक सबंध पिढी. त्यांच्या मागे एक प्रश्नही राहिला. सरकारी पैशाने उभारलेली महागडी उपकरणे कोणाच्या हाती असावीत, आणि त्यांवर काम करण्याचा हक्क विद्यापीठातल्या साध्या अध्यापकाला व विद्यार्थ्याला कितपत असावा? संशोधनाच्या अनुदानासाठी २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत केल्यापासून हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्याचे उत्तर शोधताना भाभांच्या आयुष्याकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

केंब्रिजचे संस्कार

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे कायदेपंडित, तर आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथ होते, चित्रे होती, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. एल्फिन्स्टन कॉलेज आणि मुंबईची विज्ञान संस्था येथील शिक्षणानंतर १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात दाखल व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. मुलाने अभियांत्रिकीची परीक्षा १९३० साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि मग गणित व भौतिकशास्त्राकडे वळण्याची मोकळीक मिळवली.

त्या काळी केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा भौतिकशास्त्राची पंढरी होती. १९३२ साली तेथे चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला, आणि त्याच वर्षी कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या कणांच्या साहाय्याने अणुगर्भ फोडला. कापित्झा यांच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रांच्या प्रयोगांना ब्रिटिश सरकारच्या विज्ञान खात्याने अनुदान दिले होते. म्हणजे पैसा सरकारचा, पण प्रयोगशाळा विद्यापीठाची, अशी ती व्यवस्था होती. भाभा स्वतः सिद्धान्ताचे उपासक असले, तरी उपकरणांनी गजबजलेल्या या वातावरणात त्यांची दृष्टी घडली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणासंबंधीचे त्यांचे गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्या सहकार्याने त्यांनी मांडलेल्या विश्वकिरणांच्या वर्षावाच्या उपपत्तीने तर त्यांचे नाव जगभर झाले.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि युद्ध पेटल्याने येथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर रामन यांच्या छत्राखाली त्यांना जागा मिळाली. दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अनुदानातून तेथे विश्वकिरणांच्या संशोधनाचा एक छोटा विभाग उभा राहिला. उपकरणे बेताची होती. त्यांतून किरणमोजणीची साधने तयार करून ती विमानातून उंच नेण्याचा खटाटोप भाभांनी केला. पैसा कमी असला तरी चालतो. तो वेळेवर आणि अटींचा काच न लावता मिळाला पाहिजे, हा धडा त्यांनी बंगलोरलाच घेतला असावा.

एक पत्र आणि एक संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी टाटा विश्वस्त निधीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक मोलाचा दस्तऐवज होय. मूलभूत भौतिकशास्त्रात पहिल्या प्रतीचे संशोधन करणारी एक शाळा देशात असावी, आणि पुढे अणुशक्तीचा वापर विजेसाठी होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी भारतावर येऊ नये, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा सुमारे सतरा महिने अवकाश होता. यावरून त्या दूरदृष्टीची कल्पना यावी.

विश्वस्तांनी होकार दिला. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगलोरला सुरू झाले, आणि त्याच वर्षी ती मुंबईस पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आली. खाजगी विश्वस्त निधीबरोबर मुंबई सरकारनेही तिला अनुदान दिले आणि पुढे केंद्र सरकारने मोठा भार उचलला. शुद्ध गणित आणि विश्वकिरण यांसारख्या तात्काळ फळ न देणाऱ्या विषयांना एका प्रांतिक सरकारने हात दिला, ही गोष्ट मुंबई राज्याला भूषणावह होती. संस्था १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याच्या टोकावरील तिच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले.

भाभांची रीत एकच होती. आधी माणूस हेरायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभारायचा. आधी इमारत, मग यंत्र आणि शेवटी जाहिरात देऊन माणूस, हा सरकारी क्रम त्यांनी उलटा केला. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत निर्माण झाला आणि भाभाच त्याचे सचिव झाले. विभागाचे मुख्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवले गेले. खरेदी, नेमणुका आणि बढत्या यांच्या बाबतीत आयोगाला असे अधिकार मिळाले, की जे दुसऱ्या कोणत्याही वैज्ञानिक खात्याच्या वाट्याला आले नव्हते. एखादा सुटा भाग परदेशातून आणण्यासाठी तुर्भ्याच्या शास्त्रज्ञाला दिल्लीच्या दहा टेबलांवरून फाइल फिरवावी लागत नसे. तुर्भ्याच्या यशात बुद्धीचा वाटा मोठा आहेच, पण या कारभारी स्वातंत्र्याचा वाटाही लहान नाही.

साहा आणि भाभा

हे सारे विद्यापीठांच्या बाहेर घडत होते, आणि येथेच डॉ. मेघनाद साहा यांचा विरोध उभा राहिला. साहांनी कलकत्ता विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारण्याचा ध्यास घेतला होता. युद्धकाळात त्याच्या सामग्रीचा काही भाग समुद्रातच बुडाला, तरी ते खचले नाहीत. त्यांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. जेथे विद्यार्थी शिकतात तेथेच संशोधन व्हावे. उत्तम उपकरणे व उत्तम माणसे विद्यापीठांबाहेर नेली, तर विद्यापीठे परीक्षा घेणारी कार्यालये होऊन बसतील, असे साहांचे म्हणणे होते. लोकसभेचे सदस्य झाल्यावर त्यांनी अणुऊर्जेच्या धोरणावर चर्चाही घडवून आणली. १९५६ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांची संस्थाही पुढे अणुऊर्जा विभागाच्याच अनुदानावर चालू लागली.

भाभांची बाजूही तोलून पाहिली पाहिजे. विद्यापीठांचा कारभार त्या काळीही संथ होता. अधिसभा, विद्वत्सभा, निविदा आणि लेखापरीक्षण यांच्या चक्रातून अणुभट्टी उभी राहिली असती, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी आशियातील पहिली अणुभट्टी 'अप्सरा' कार्यान्वित झाली. १९६० साली कॅनडाच्या सहकार्याने 'सायरस' आली. या भट्ट्यांतून निर्माण होणारे किरणोत्सारी समस्थानिक रुग्णालयांना व प्रयोगशाळांना मिळू लागले. १९५७ साली सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेने विद्यापीठांचे पदवीधर निवडून त्यांना वर्षभर घडवले. कुलाब्याला १९६४ मध्ये बसवलेला 'सीडीसी ३६००' हा प्रचंड गणकयंत्रसंच तर राष्ट्रीय गणनकेंद्र म्हणून चालवला गेला, आणि देशभरातील विद्यापीठे व संस्था त्यावर आपली गणिते सोडवून घेत. एकच यंत्र अनेकांनी वापरावे, ही कल्पना भाभांना परकी नव्हती, याचा हा पुरावा होय.

तरीही साहांची भीती खोटी ठरली नाही. बुद्धिमान तरुण पदवी घेऊन तुर्भ्याला किंवा कुलाब्याला जात; विद्यापीठांत मागे राहिलेल्या अध्यापकाच्या वाट्याला खडू, फळा आणि जुनाट उपकरणे येत. तुर्भ्याची संस्था स्थापन झाली त्याच १९५४ साली युरोपातील राष्ट्रांनी जिनिव्हाजवळ 'सर्न' ही सामायिक प्रयोगशाळा उभारली. तेथे यंत्र सर्वांचे आणि प्रयोग करणारे बहुतांशी विद्यापीठांचे, अशी प्रथा पडली. आपल्याकडे यंत्र आणि विद्यापीठ यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली.

द्रोणागिरीचा दाखला

ही भिंत किती उंच आहे, हे उरणजवळच्या द्रोणागिरीच्या परिसरात राहणाऱ्यांना अधिक जाणवावे. मुंबई बंदराच्या एका अंगाला हा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला तुर्भ्याचा. मधे खाडीचे पाणी आणि घारापुरीचे बेट. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने वसवलेली द्रोणागिरी नगरी आज वाढते आहे. तेथील मुले उरण-पनवेलच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकतात. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे अंतर तासांवरून मिनिटांवर आले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपासून न्यूट्रॉनांच्या झोतापर्यंतचे अंतर मात्र किलोमीटरांत मोजता येत नाही.

द्रोणागिरी हे नावच एका कथेची आठवण देते. संजीवनी कोणती हे ओळखता येईना, म्हणून मारुतीने सबंध डोंगरच उचलून आणला. वाल्मीकींच्या कथेत त्या औषधींच्या गंधाने राम-लक्ष्मण तर सावध झालेच, पण सारी वानरसेनाही उठून उभी राहिली. राष्ट्राच्या खर्चाने आणलेल्या डोंगराचा गंध किती जणांपर्यंत पोहोचतो, यावरूनच त्या श्रमाचे मोल ठरवावे लागते.

भाभांच्या पश्चात हा गंध बाहेर पोहोचवण्याचे प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रगत उपकरणांची प्रादेशिक केंद्रे काढली, पवईच्या आय.आय.टी.तील केंद्र त्यांपैकीच एक. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आंतरविद्यापीठीय केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. त्यातूनच पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली खगोलविज्ञानाचे 'आयुका' केंद्र निघाले. तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी, कलकत्त्याचा सायक्लोट्रॉन आणि इंदूरचा सिंक्रोट्रॉन यांची दारे विद्यापीठांना उघडावीत म्हणून १९९० च्या सुमारास आणखी एक आंतरविद्यापीठीय संघटना कामाला लागली. 'अप्सरा' सुरू झाल्यानंतर चौतीस वर्षांनी ही रीतसर वाट तयार झाली. त्याआधी व्यक्तिगत सहकार्याने काम होत नव्हते असे नाही. पण ओळखीने मिळणारी सवलत आणि नियमाने मिळणारा हक्क यांत फरक असतो. २०२० साली देशातील उपकरणांची माहिती एकत्र देणारी 'आय-स्टेम' ही व्यवस्थाही सुरू झाली.

अनुदान कशासाठी?

मग अडते कोठे? अनुदानाच्या रचनेतच दोष आहे. सरकार यंत्राच्या खरेदीला पैसे देते, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराला, दुरुस्तीच्या वार्षिक कराराला आणि वीज व द्रवरूप वायूच्या खर्चाला देताना हात आखडतो. विनियोगाचे प्रमाणपत्र पाठवले की कागदोपत्री प्रकल्प पुरा होतो. यंत्र किती तास चालले आणि बाहेरच्या किती जणांनी ते वापरले, हे विचारले जात नाही. दोन विभागांत एकाच जातीची दोन यंत्रे धूळ खात पडावीत आणि शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला नमुना तपासण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागावे, असे प्रकार या पद्धतीतून संभवतात.

भाभांच्या चरित्राचा धडा येथे लागू पडतो. त्यांनी तुर्भ्यासाठी जे मिळवले, ते म्हणजे माणसाला अग्रक्रम, खरेदीचे स्वातंत्र्य आणि वर्षानुवर्षे टिकणारा पैसा. तेच विद्यापीठांच्या सामायिक केंद्रांना मिळाले पाहिजे. त्यांना जे साधले नाही वा ज्याला त्यांनी अग्रक्रम दिला नाही, ते साहांच्या आग्रहातून घ्यावे लागेल. यंत्राशेजारी विद्यार्थी हवा. प्रत्येक मोठ्या उपकरणाच्या वेळेचा ठरावीक हिस्सा बाहेरच्या महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा. तेथून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च व निवास मिळावा. पुढील अनुदान या हिशेबावरच ठरावे. नव्या प्रतिष्ठानाने मोठ्या संस्थांना लहान विद्यापीठांशी जोडण्याची योजना आखली आहे, ती या दिशेने योग्यच होय. मात्र नव्या पैशाचा मोठा भाग पुन्हा आधीच समृद्ध असलेल्या मोजक्या संस्थांकडे गेला, तर जुनीच भिंत नव्या रंगाने रंगवल्यासारखे होईल.

भाभा आणि साहा यांच्यात कोण बरोबर होते, हा वाद आता निष्फळ आहे. एकाने राष्ट्राला यंत्रे दिली, दुसऱ्याने ती कोणासाठी याची आठवण करून दिली. दोघांचेही देणे अजून फिटलेले नाही. ते फेडायचे असेल, तर तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या हाती अर्ज, तारीख आणि प्रवासभत्ता पडला पाहिजे, आणि ठरल्या दिवशी प्रयोगशाळेचे दार तिच्यासाठी उघडे असले पाहिजे. सरकारी अनुदानाचा हिशेब शेवटी त्या दारापाशी मांडावा लागेल.