कर्नल सी. के. नायडू

१९२६ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाशी हिंदू संघाचा सामना चालू होता. ठाण्यास टेंभी नाक्यापाशी राहणाऱ्या मुलासही हे मैदान परके नाही. आगगाडीने तासाभरात तेथे पोहोचता येते. परंतु त्या काळी या जिमखान्याचे सभासदत्व हिंदी माणसास मिळत नसे. पाहुण्यांनी ३६३ धावांचा डोंगर रचला होता. अशा वेळी एक उंच, ताठ बांध्याचा फलंदाज मैदानात उतरला आणि पाहता पाहता त्याने सामन्याचा रंगच पालटून टाकला. दोन तासांच्या आत त्याने १५३ धावा काढल्या. त्यांत षटकार होते अकरा! ही वार्ता शहरात पसरताच लोक कामधंदा टाकून मैदानाकडे धावले. हिंदी खेळाडू गोऱ्यांच्या बरोबरीने खेळू शकतात, हे त्या दिवशी पाहुण्यांसही मान्य करावे लागले.

हा फलंदाज म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास झाला. घराणे तेलुगू भाषिक, परंतु नागपुरातच स्थायिक झालेले, वडील वकील. तेथील हिस्लॉप शाळेत असतानाच त्यांचा खेळ लोकांच्या नजरेत भरू लागला. १९१६ साली मोठ्या सामन्यात ते प्रथम उतरले, तेव्हा पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावला. पुढे १९२३ साली इंदूरच्या होळकरांनी त्यांना आपल्या पदरी घेऊन सैन्यात हुद्दा दिला.

१९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यास इंग्लंडला गेला. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. कर्णधारपद संस्थानिकाकडेच असावे, अशी तेव्हाची समजूत! परंतु खेळाच्या दृष्टीने आपण कमी पडतो, हे जाणून महाराज स्वतः बाजूस झाले. उपकर्णधार जायबंदी होते. राजघराण्यात न जन्मलेल्या नायडूंच्या हाताखाली खेळणे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. नायडू शिस्तीचे कडक होते, आणि कडक माणूस सर्वांना प्रिय होतोच असे नाही. तरीही २५ जून रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर संघ त्यांच्याच मागून उतरला. इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत बाद झाले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हातास इजा झाली. तशाही स्थितीत त्यांनी पहिल्या डावात आपल्या संघाच्या सर्वाधिक, म्हणजे ४० धावा काढल्या. सामना १५८ धावांनी गेला, पण हार मानहानीची नव्हती. त्या दौऱ्यात नायडूंनी ३२ षटकार मारले.

त्यांच्या वाट्यास कसोटी सामने आले अवघे सात. केवळ आकडे पाहणाऱ्यास त्यांची थोरवी कळणार नाही. १९३६ साली आपल्या अखेरच्या कसोटी डावात छातीवर चेंडूचा जबर तडाखा बसूनही त्यांनी ८१ धावा केल्या. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्यामागे त्यांचीच करडी शिस्त होती. मुंबईविरुद्धच्या एका अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून त्यांचे दोन दात पडले. वय होते ५६. त्यांनी दात खेळपट्टीवरून बाजूस सारले आणि फडकरांना वेग कमी न करण्यास बजावून पुन्हा पवित्रा घेतला!

१९५६ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. त्याच वर्षीच्या हंगामात, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेश संघाकडून रणजी सामने खेळत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.