हिरडी आधी, दात नंतर : जर्राहीचे उस्ताद अल-जहरावी

मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे विचारली की मुले इब्न सीना, अल-ख्वारिज्मी पटकन सांगतात. अल-जहरावी मात्र मागे राहतात. दातांचा डॉक्टर आज खुर्चीत बसवून कीटण काढतो, ते काम या हकीमांनी हजार वर्षांपूर्वी अवजारांच्या चित्रांसह लिहून ठेवले होते.

त्यांचे पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. जन्म सुमारे ९३६ चा, अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये. त्याच सुमारास खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुरतुबा शहराजवळ मदीनतुज-जहरा ही नवी राजधानी बांधायला घेतली. जुन्नरचे ते जुन्नरकर, ओतूरचे ते ओतूरकर, तसे या शहराचे म्हणून ते जहरावी.

आयुष्यभर रुग्ण तपासून त्यांनी सन १००० च्या सुमारास ‘अत-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे २०० अवजारांची चित्रे आहेत. शरीराची रचना न शिकता चाकू हातात घेणारे लोक रुग्णांचा जीव घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शागिर्दांना मुलांसारखे मानून ते समजावत गेले, ते याच काळजीपोटी.

दातांच्या बाबतीत त्यांनी आधी हिरडीकडे पाहिले. दातांच्या आतून-बाहेरून आणि हिरडीच्या कडेला खरखरीत थर साचतो. तो काळा, पिवळा, हिरवट होतो आणि त्यानेच हिरडी बिघडते, असे त्यांनी नोंदवले. उपाय सांगितला तो असा : रुग्णाचे डोके मांडीवर घ्या आणि थर पूर्ण जाईपर्यंत खरवडा. एका बैठकीत झाले नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसवा. आतली बाजू, बाहेरची बाजू आणि दोन दातांमधली फट यांना एकच अवजार चालत नाही, म्हणून त्यांनी खरवडण्याची १४ अवजारे दिली.

दात उपटायची त्यांना घाई नव्हती. दुखणे फसवते आणि चांगलाच दात निघतो, म्हणून आधी खात्री करा, असे ते बजावत. हलणारे दात ते सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधत. चांदी खराब होते, म्हणून सोने. पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडातून कोरलेला दात बांधण्याची रीतही त्यांनी दिली.

१०१० च्या सुमारास यादवीत मदीनतुज-जहरा लुटले गेले. १०१३ च्या सुमारास जहरावींचा इंतकाल झाला. शहर उजाड झाले, किताब मात्र राहिली. बाराव्या शतकात टोलेडोत तिचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपचे जर्राह अनेक शतके ‘अल्बुकासिस’ या नावाने त्यांना वाचत राहिले. १९०८ मध्ये तिचा जर्राहीचा भाग आपल्या लखनौतही अरबीत छापला गेला.

आता आपल्या घराकडे येऊ. तारेने बांधलेल्या दाताच्या जागी आज इम्प्लांट आले. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असा दात बसवला. नारायणगावला टोमॅटोचे किंवा मंचरला बटाट्याचे पैसे हाती आले की आपल्याकडेही कुणी अब्बांना, कुणी खालाजानला असा दात करून देतो. पण दात नकली, आता काळजी कसली, असे समजून मशेरी आणि तंबाखू तशीच चालू राहते. चूक होते ती इथेच.

इम्प्लांटचा दात किडत नाही, पण भोवतालची हिरडी आजारी पडते. खऱ्या दाताला हाड आणि हिरडीशी धरून ठेवणारे धागे असतात. स्क्रूभोवती तशी पकड नसते, त्यामुळे सूज आली की ती लवकर हाडापर्यंत पोचते. हिरडी मुळात पातळ असेल, स्क्रू बाहेरच्या बाजूला बसला असेल, कीटण साचले असेल किंवा ब्रश जोरात घासला जात असेल, तर हिरडी खाली सरकते. दात लांब दिसू लागतो, धातूची काळी छटा दिसते, रक्त किंवा पू येतो. अशा वेळी घरी पिन-काडीने कोरत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. ते आधी स्वच्छता करतात, गरज पडल्यास टाळूची थोडी त्वचा हिरडीवर लावतात. हाड फार झिजले असेल तर कधी स्क्रूही काढावा लागतो.

मशेरी सोडावी, शुगर असेल तर ताब्यात ठेवावी, मऊ ब्रश वापरावा आणि ठरल्या वेळी तपासून घ्यावे. मिसवाक तर सुन्नत आहे. तीही कूस मऊ करून हलक्या हाताने फिरवावी, हिरडीवर जोर देऊ नये.

मुलांना जहरावींचे नाव सांगाल तेव्हा त्यांनी हिरडीची एवढी काळजी का केली, तेही सांगा. आणि त्याच दिवशी दादीजानच्या मशेरीच्या डबीबद्दल घरात प्रेमाने बोलून घ्या.