विश्लेषण : रायफलच्या शिशाच्या गोळीवर तांब्याचे आवरण कसे आले? कोण होते एडुआर्ड रुबिन?

जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ मिमी काडतुसे तयार होतात. या काडतुसातील गोळी बाहेरून तांबूस दिसते, कारण तिच्या गाभ्यावर धातूचे पातळ आवरण असते. आज जगभरातील लष्करी रायफलींची गोळी अशीच असते. पण दीडशे वर्षांपूर्वी ती निव्वळ शिशाची होती. हा बदल घडवण्यात एडुआर्ड रुबिन या स्विस तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता.

रुबिन कोण होते?

रुबिन यांचा जन्म १८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून या शहरात झाला. हे शहर तळ्याकाठी वसलेले असले तरी त्याची ओळख लष्करी ठाणे म्हणूनही आहे. तेथील सरकारी दारूगोळा कारखान्यात रुबिन यांनी काम केले आणि पुढे ते त्याचे संचालकही झाले. त्यांच्या तरुणपणी स्विस सैनिकांकडे १०.४ मिमी व्यासाच्या गोळीची व्हेटरली रायफल होती. गोळी बारीक आणि वेगवान केली तर ती कमी वळणाने दूर जाईल आणि सैनिकाला जास्त काडतुसे बाळगता येतील, हा विचार त्या काळी युरोपात बळावत होता. रुबिन यांनी ७.५ मिमीच्या आसपासच्या गोळीवर प्रयोग सुरू केले.

शिशाची अडचण काय होती?

शिसे जड, स्वस्त आणि साच्यात ओतायला सोपे. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. मऊ शिसे त्या खाचांत घट्ट बसते, त्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. मात्र हा मऊपणाच वेग वाढल्यावर आड येतो. गोळी खाचा न पकडता त्यांच्यावरून घसरत जाते. मागचा तप्त वायू फटींतून पुढे शिरतो आणि गोळीच्या कडा खरवडतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसलाच वितळते. त्याचा लेप नळीला चिकटत जातो आणि काही फैरींनंतर नेम बिघडतो. बारीक नळीत हा त्रास लवकर जाणवतो. नळीत २७० मिमी अंतरात एक फेरा देणारा पीळ असेल आणि गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने निघाली, तर ती सेकंदाला सुमारे २,२०० फेरे घेते. एवढा ताण नुसत्या शिशाला झेपत नाही.

रुबिन यांनी तोडगा काय काढला?

१८८२ मध्ये त्यांनी शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण चढवले. तांबे खाचांत धरून राहण्याइतके कठीण असते, पण पोलादी नळीपेक्षा मऊ असते. त्याचा वितळबिंदू १,०८५ अंश आहे. वजन शिशाचे आणि पकड तांब्याची, असा हा मेळ होता. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली. गोळीचा वेग एकदम वाढला आणि आवरणाची गरज सर्वांनाच पटली.

त्यांच्या देशाने ते लगेच स्वीकारले का?

पूर्णपणे नाही. १८८९ ची स्विस रायफल श्मिट-रुबिन म्हणून ओळखली जाते. तिची यंत्रणा रुडॉल्फ श्मिट यांची आणि काडतूस रुबिन यांचे. मात्र तिच्या सुरुवातीच्या काडतुसात टोकाला पोलादी टोपी आणि अंगाभोवती कागद गुंडाळलेली शिशाची गोळी होती. सेकंदाला सुमारे ७८० मीटर वेगाची, पूर्ण आवरणाची टोकदार गोळी १९११ मध्ये आली. रुबिन यांचे निधन १९२० मध्ये थूनमध्येच झाले.

यात भारताचा संबंध कसा?

ब्रिटिशांनी १८८८ मध्ये आवरण असलेल्या गोळीची .३०३ रायफल घेतली. ही गोळी शरीरातून आरपार जाते, पण माणूस थांबत नाही, अशी तक्रार वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांनंतर झाली. म्हणून कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली गेली. ती शरीरात पसरून भीषण जखमा करी. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. शिसे पूर्ण झाकलेले आहे की नाही, हा तांत्रिक प्रश्न अशा रीतीने युद्धाच्या कायद्याचा भाग झाला.

शिसे आता बाद झाले का?

नाही. अनेक देशांत हौशी नेमबाज आजही शिशाच्या गोळ्या ओततात. कठीणपणासाठी त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात, बाहेरून वंगण लावतात आणि तळाला तांब्याची छोटी वाटी बसवतात. तरीही बारीक नळीच्या वेगवान रायफलीत त्यांना वेग बराच कमी ठेवावा लागतो. तो वाढवला की रुबिन यांना थूनमध्ये सोडवावी लागलेली अडचण पुन्हा समोर येते.